मिसिसिपीकांठीं एका वाद्याची निवड

अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानांत 'डेल्टा' या नांवानें ओळखला जाणारा जो प्रदेश आहे, तो भूगोलाच्या पुस्तकांतला त्रिभुजप्रदेश नव्हे. नदीचें मुख तेथून शेंकडों मैल दक्षिणेस, न्यू ऑर्लिन्सच्याहि पलीकडे आहे. मिसिसिपी आणि याझू ह्या दोन नद्यांच्या मधोमध, उत्तरेस मेंफिस शहरापासून दक्षिणेस व्हिक्सबर्गपर्यंत, लांबट पानाच्या आकाराचें जें सपाट गाळाचें मैदान पसरलें आहे, त्यास तेथील लोक डेल्टा म्हणतात. छत्तीस वर्षें मुलांकडून नकाशे काढून घेण्यांत गेल्यामुळें ही दुरुस्ती आरंभींच केल्यावांचून आमच्यानें पुढें लिहवत नाहीं. वाचक क्षमा करतील. ह्या मैदानांत डोंगर नाहीं, टेकडी नाहीं, साधा उंचवटाहि क्वचित्. आहे तो काळा, चिकट, अतिशय सुपीक गाळ; त्यांत पिकणारा कापूस; आणि त्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या लोकांचें एक गाणें, ज्यास आज सारें जग 'ब्लूज' म्हणतें.

ह्या प्रदेशांत आमचें जाणें झालें तें एका वाद्याच्या खरेदीच्या निमित्तानें. आमची कन्या व जांवई मेंफिस येथें राहतात. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे आमचा नातू, सतरा वर्षांचा आहे. आमच्या कै. कुटुंबानें जातांना प्रत्येक नातवंडाच्या नांवें सारखी रक्कम ठेविली व तिजबद्दल दोनच अटी घातल्या : रक्कम एकाच वस्तूवर खर्च व्हावी, आणि ती वस्तु टिकाऊ असावी. पारख करण्याचें काम आमच्याकडे सोंपविलें. मिरजेच्या घरांतील नातवंडांपैकीं एकीनें शिवणयंत्र घेतलें. एकानें विहिरीवरील पंपांत पैसे घातले. ह्या नातवानें मागितली रेझोनेटर गिटार. आमच्या वडील बंधूंस हें कळतांच त्यांनीं दूरध्वनीवरून विचारलें, "तिच्या पैशानें पत्र्याची गिटार? वाद्यच हवें, तर घर मिरजेंत असतां तंबोरा कां नको?" प्रश्न गैर नव्हता. कुटुंबांतल्या पैशाचा विनियोग हा एकट्या मुलाचा प्रश्न नसतो, आणि चुकीची वस्तु घरांत आली तर ती पुढें दहा वर्षें कोपऱ्यांत उभी राहून प्रत्येकास टोंचत राहते.

मिरजेंत जन्म गेलेल्या माणसास वाद्य कसें निवडावें हें निराळें शिकावें लागत नाहीं. फरीदसाहेबांपासून चालत आलेल्या सतारमेकरांच्या दुकानांवरून शाळेंत जातां-येतां आम्ही वाळत टांगलेले भोपळे, तासलेल्या दांड्या व जवारी काढीत बसलेले कारागीर लहानपणापासून पाहिले. आमच्या वडिलांचा नियम एकच होता. डोळे मिटून बसावें, हस्तिदंती नक्षीकडे पाहूं नये, आणि आघात संपल्यावर मागें काय उरतें तें ऐकावें. हा नियम पत्र्याच्या गिटारीस लागू पडतो किंवा नाहीं हें पाहण्याची आम्हांसहि उत्सुकता होती, हें कबूल केलें पाहिजे.

आतां हें वाद्य तरी काय तें सांगतों. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील नाटकगृहांत व नृत्यशाळांत तुताऱ्या आणि नगारे ह्यांच्यापुढें बिचाऱ्या गिटारीचा आवाज बुडून जात असे. विजेनें आवाज वाढविण्याची सोय अद्याप तिला मिळाली नव्हती. तेव्हां जॉर्ज बीचम नांवाच्या एका वादकानें लॉस एंजेलिस येथील जॉन डोपेरा ह्या स्लोव्हाक कारागिरास मोठ्या आवाजाची गिटार करून देण्यास सांगितलें. डोपेरानें पेटी लांकडाऐवजीं धातूची केली आणि तिच्या पोटांत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन शंकू बसविले. तारांचें कंपन घोडीवाटे ह्या शंकूंवर उतरतें व शंकू तें हवेंत फेंकतात. तंबोऱ्याचा भोपळा जें काम गंभीरपणें करतो तेंच काम हे शंकू तावातावानें करतात, असें म्हटलें तरी चालेल. १९२७ सालीं 'नॅशनल' नांवानें ह्या वाद्यांचा कारखाना निघाला. पुढें लवकरच डोपेराचें व भागीदारांचें बिनसलें. तो बाहेर पडला व भावांसह त्यानें 'डोब्रो' नांवाचें निराळें वाद्य काढलें. डोपेरा बंधूंच्या नांवाचीं आद्याक्षरें त्यांत आहेत, आणि स्लोव्हाक भाषेंत त्या शब्दाचा अर्थ 'चांगलें' असाहि होतो. भागीदारी फुटल्यावांचून आमच्या इकडेहि चांगले धंदे दोन झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

ह्या भांडणामुळें आज गिऱ्हाइकापुढें तीन जाती उभ्या राहतात. पहिली तीन शंकूंची. सहा-सहा इंचांचे तीन शंकू, त्यांवर इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची पट्टी, आणि पेटी बहुधा जर्मन सिल्व्हरची किंवा पितळेची. हिचा स्वर गोल, मऊ, आणि आस लांब. दुसरी एका शंकूची. साडेनऊ इंचांचा एकच शंकू, त्याच्या शिखरावर मेपल लांकडाची बिस्किटाएवढी चकती, तिच्यावर घोडी. हिचा आवाज ठणठणीत, एकदम अंगावर येणारा, आणि तितक्याच लवकर विरणारा. तिसरी डोब्रो जातीची. येथें साडेदहा इंचांचा शंकू बशीप्रमाणें उताणा बसविलेला असून त्याच्या कांठावर कोळ्याच्या आठ पायांसारखी धातूची चौकट टेंकलेली असते. पेटी बहुधा लांकडी, स्वर किंचित् नाकांतला परंतु गोड. डोंगराळ भागांतील गोऱ्या लोकांच्या ब्लूग्रास नांवाच्या संगीतांत हिचें राज्य आहे. ह्याखेरीज दांडीचा भेद आहे. चौकोनी दांडीची गिटार मांडीवर आडवी ठेवूनच वाजवितां येते, कारण तिच्या तारा पडद्यांपासून फार उंच असतात. गोल दांडीची नेहमींप्रमाणें धरतां येते. ज्यास कांचेनें मींडहि काढावयाची आहे व उरलेल्या बोटांनीं पडदेहि दाबावयाचे आहेत, त्यानें गोल दांडीच घेतली पाहिजे. दुकानांत जाण्यापूर्वीं एवढें ठरलेलें असावें. नाहींतर दुकानदार ठरवितो.

कांचेनें मींड काढण्याचा हा प्रकार काय आहे? बाटलीची मान कापून तिचें नळकांडें करंगळींत घालावयाचें, व तें तारांवर हलकेच टेंकवून सरकवावयाचें. तार पडद्यावर दाबावयाची नाहीं, केवळ स्पर्श करावयाचा. आणि तोहि पडद्याच्या मागें न करतां बरोबर पडद्याच्या डोक्यावर करावयाचा. मागील बोटें तारेवर अलगद ठेवून नको असलेली कुरकुर दाबावयाची. मग गांधार कोमलहि नाहीं व शुद्धहि नाहीं अशा जागीं थांबतां येतें, आणि ब्लूजचा सारा जीव त्या जागेंत आहे. पियानोवर ती जागा नाहीं, पेटीवरहि नाहीं. आमच्या कानांस ती ताबडतोब ओळखूं आली.

ह्या युक्तीचा शोध कोणी लाविला ह्यावर वाद आहे. हवाई बेटांतील जोसेफ केकुकू ह्या मुलानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी तुकड्यानें गिटार वाजविण्यास आरंभ केला, असें बहुतेक मानतात. त्याच्यापूर्वीं गॅब्रिएल डेव्हियन नांवाच्या एका हिंदी मुलानें तेथें हा प्रकार केला होता, असेंहि सांगणारे आहेत. मिसिसिपींतील निग्रो मुलें घराच्या भिंतीवर झाडूची तार दोन खिळ्यांत ताणून तिच्यावर बाटली फिरवीत, तें निराळेंच. परंतु देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यांत एकतंत्री वीणेच्या तारेवरून सरकविण्याच्या वेळूच्या तुकड्यास 'कम्रिका' असें नांव दिलें आहे. ह्यावरून अमेरिकनांनीं आमच्याकडून विद्या चोरली असा निष्कर्ष काढणारे कांहीं उत्साही लोक आम्हांस भेटले आहेत. तार आणि गुळगुळीत वस्तु जेथें जेथें एकत्र आल्या, तेथें तेथें मनुष्यास ही गोष्ट सुचली, एवढेंच आम्ही समजतों. मात्र पुढें देवाणघेवाण झाली हें खरें. ब्रिजभूषण काबरा ह्यांनीं गिटार मांडीवर घेऊन राग वाजविले, आणि विश्वमोहन भट्ट ह्यांनीं राय कूडर ह्या अमेरिकन वादकाबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रिकेस १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें. बंधूंस उत्तर देण्यासाठीं हा मुद्दा आम्ही मनांत राखून ठेविला होता.

मेंफिसहून एकसष्ट क्रमांकाच्या हमरस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे शहर संपतांच जमीन सपाट होते आणि मग सपाटच राहते. ऑक्टोबर महिना होता. दोहों बाजूंस कापूस फुटलेला, क्षितिजापर्यंत पांढरा. आणि त्यांत मनुष्य एकहि नाहीं. अजस्त्र यंत्रें कापूस वेंचीत होतीं व त्याच्या मोठमोठ्या गुंडाळ्या रंगीत प्लास्टिकांत बांधून शेतांच्या कडेस सोडीत होतीं. वऱ्हाड-खानदेशांतील वेंचणीचें जें चित्र आमच्या डोळ्यांपुढें असतें, त्यापेक्षां हें फारच निर्जन वाटलें. ह्या शेतांचा आमच्या प्रांताशीं एक जुना संबंध आहे. १८६१ पासून १८६५ पर्यंतच्या यादवी युद्धांत इकडील कापूस इंग्लंडांतील गिरण्यांस मिळेनासा झाला, तेव्हां मुंबईस कापसाचे भाव गगनास भिडले. कंपन्यांचे शेअर पाण्यासारखे विकले गेले, व युद्ध थांबतांच सारा डोलारा कोसळून भले भले धुळीस मिळाले. नातवास हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "म्हणजे आजोबा, ज्यांनीं कापूस वेंचला त्यांना दोन्हीं वेळां कांहींच मिळालें नाहीं." हें खरें होतें. आधीं ते गुलाम होते. गुलामगिरी गेल्यावर तींच माणसें त्याच मालकांची जमीन बटाईनें करूं लागलीं. बीं मालकाचें, दुकान मालकाचें, हिशेबाची वही मालकाची. वर्षअखेर वहींत कर्जच निघे. त्यांत २१ एप्रिल १९२७ रोजीं माउंड्स लँडिंग येथें नदीचा बांध फुटला आणि लाखों एकर पाण्याखालीं गेले. ज्या वर्षीं लॉस एंजेलिसला चकचकीत गिटारींचा कारखाना निघाला, तेंच हें वर्ष.

पाऊणशें मैलांवर क्लार्क्सडेल गांव लागतें. गांवाच्या लगत हॉप्सन ह्यांचा मळा आहे; तेथें १९४४ सालीं पेरणीपासून गांठी बांधण्यापर्यंत कापसाचें सबंध पीक यंत्रांनीं काढण्यांत आलें. मग माणसांची गरज काय? माणसें आगगाडींत बसून उत्तरेस शिकागोस गेलीं. जवळच्या स्टोव्हॉल मळ्यावरील मडी वॉटर्स हा गवई त्याच्या आदल्या वर्षींच, १९४३ त, तेथें गेला होता. तेथें त्यानें विजेची गिटार हातीं घेतली, आणि ब्लूजचा पुढचा इतिहास शिकागोंत घडला. त्याची लांकडी झोंपडी आज क्लार्क्सडेलच्या जुन्या मालधक्क्यांत भरलेल्या डेल्टा ब्लूज म्यूझियममध्यें ठेविलेली आहे. ती पाहतांना आम्हांस एवढेंच जाणवलें कीं ती फार लहान आहे. ह्याच संग्रहालयाच्या विद्यमानें गांवांतील मुलांस वाद्यें शिकवितात. आमच्या मतें भिंतीवरील सर्व वस्तूंपेक्षां हें अधिक मोलाचें.

गांवांत एकसष्ट व एकोणपन्नास ह्या रस्त्यांचा चौक आहे. रॉबर्ट जॉन्सन ह्या गवयानें मध्यरात्रीं चवाठ्यावर सैतानास आत्मा विकून विद्या मिळविली, अशी जी आख्यायिका आहे ती लोक ह्या चौकास चिकटवितात, आणि प्रवासी तेथें छायाचित्रें काढतात. जॉन्सन १९३८ सालीं ग्रीनवुडनजीक सत्ताविसाव्या वर्षीं वारला. गवयांच्या अशा कथा आमच्याकडेहि थोड्या नाहींत. रियाज कोणीं पाहिलेला नसतो, म्हणून त्या जन्मास येतात. येथें एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. पत्र्याची गिटार म्हणजेच ब्लूज, अशी जी समजूत झाली आहे ती सर्वांशीं खरी नाहीं. जॉन्सनच्या प्रसिद्ध छायाचित्रांत त्याच्या हातीं लांकडी गिटारच आहे. मंदीच्या काळांत 'ड्युओलियन' नांवाची एका शंकूची पोलादी गिटार साडेबत्तीस डॉलरांस मिळे, तर तीन शंकूंची साध्यांतली साधी सव्वाशें डॉलरांस. सन हाउस, बुका व्हाइट ह्यांसारख्यांनीं पोलादी वाद्य पत्करलें तें त्याच्या आवाजासाठीं आणि किंमतीसाठीं. शनिवारच्या रात्रीं पन्नास माणसें लांकडी फळ्यांवर नाचत असतां ऐकूं जाईल असें वाद्य हवें होतें, आणि विजेची तार त्या घरांपर्यंत आली नव्हती. टॅम्पा रेड हा शिकागोंतील वादक मात्र सोन्याचा मुलामा दिलेली तीन शंकूंची गिटार मिरवीत असे. आमच्या नातवाच्या खोलींत चित्र होतें तें ह्या टॅम्पा रेडचें.

दुकान जुन्या वाद्यांचें होतें. नांव येथें देत नाहीं. नातवाची दृष्टि आंत शिरतांच एका जुन्या पोलादी वाद्यावर खिळली. १९३० नंतरच्या दशकांतलें, रंग उडालेलें, दांडी हातानें घांसून काळी झालेली. आणि किंमत अशी कीं आजीच्या रकमेंतून एक डॉलर उरला नसता. मुलगा तें मांडीवर घेऊन बसला तो उठेना. दुकानदारानें गोष्ट सांगण्यास प्रारंभ केला : कोणाच्या घरीं सांपडलें, कोणीं वाजविलें असावें इत्यादि. वाद्याबरोबर गोष्ट फुकट मिळूं लागली म्हणजे मनुष्यानें सावध व्हावें. आम्ही वाद्य मागून घेतलें, चष्मा पुसला, आणि दांडीवरून डोळा लाविला. मग तार एका हातानें पहिल्या पडद्यावर व दुसऱ्या हातानें दांडी पेटीस मिळते त्या पडद्यावर दाबून धरली. अशा वेळीं मधल्या पडद्यावर तार व पडदा ह्यांत कागद जाण्यापुरतें अंतर असावें. येथें पोस्टकार्डांची चळत गेली असती. त्या काळच्या दांड्यांत आंतून पिळून सरळ करण्याची पोलादी कांब नसे. नव्वद वर्षें जाड तारांनीं ओढल्यावर लांकडानें मान टाकली, त्यांत कोणाचा दोष? पुढें बाराव्या पडद्यावर तार दाबून काढलेला स्वर आणि तेथेंच तारेस नुसता स्पर्श करून काढलेला स्वर ताडून पाहिले, जुळेनात. घोडीहि खालीं बसलेली दिसली, आणि जोराचा आघात करतांच पोटांतून एक खरखर निघाली. जवारी आणि खरखर ह्यांतील भेद मिरजकरास सांगावा लागत नाहीं.

दुकानदार म्हणाला, "कांच सरकवून वाजवणाराला पडद्यांचें काय? कांच स्वर जागेवर आणते." हा युक्तिवाद खोटा नव्हता. केवळ मींडच काढावयाची असती तर वांकडी दांडीहि चालली असती. परंतु मुलगा कांच करंगळींत घालून उरलेल्या तीन बोटांनीं पडदे दाबतो; त्याला सरळ दांडी हवी. शिवाय शंकू बदलणें, दांडी उतरवून पुन्हां बसविणें, ह्या खर्चाला पैसा कोठून आणणार? आम्ही म्हणालों, "आज नको." मुलगा कांहीं बोलला नाहीं. गाडींत बसल्यावर त्यानें खिडकीकडे तोंड फिरविलें, आणि आम्हीहि तिकडे पाहिलें नाहीं.

त्या दिवशीं दुपारीं एकोणपन्नास क्रमांकाच्या रस्त्यानें टटवायलर नांवाच्या खेड्यास गेलों. १९०३ च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी हा बँडमास्तर येथील स्थानकावर उशीर झालेल्या गाडीची वाट पाहत झोंपला असतां जवळच बसलेला एक फाटक्या कपड्यांचा मनुष्य गिटारीच्या तारांवर चाकू दाबून वाजवूं लागला व दोन लोहमार्गांच्या छेदस्थळाविषयीं एकच ओळ पुनःपुन्हां गाऊं लागला. हँडीनें हें आपल्या आत्मचरित्रांत १९४१ सालीं लिहून ठेविलें. त्या मनुष्याचें नांव मात्र लिहून ठेविलें नाहीं, किंबहुना विचारलेंच नसावें. स्थानकाची इमारत आज तेथें नाहीं. भिंतीवर चित्रें काढलीं आहेत, चार-दोन दुकानें बंद आहेत, आणि वाऱ्यानें उडालेला कापूस रस्त्याच्या कडेस सांचला आहे. थोडें पुढें गेलें म्हणजे पार्चमन येथील तुरुंगाचें फाटक रस्त्यावरून दिसतें. हजारों एकरांची ही तुरुंगशेती. कैदी कापूस वेंचीत. सन हाउस येथें होता, बुका व्हाइट येथें होता, आणि १९३९ सालीं जॉन लोमॅक्स ह्यांनीं व्हाइटचें गाणें येथेंच ध्वनिमुद्रित केलें. फाटकापाशीं गाडी उभी करण्यास मनाई आहे. आम्हीहि थांबलों नाहीं.

आमच्या कन्येनें घरून निघतांना एक प्रश्न विचारला होता : ज्यांनीं हें सोसलें त्यांचें गाणें आपल्या पोरानें हौस म्हणून वाजवावें काय? परततांना टटवायलरांत एका घराच्या ओट्यावर एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ बसले होते. नातवाजवळील साधी लांकडी गिटार पाहून त्यांनीं हांक मारली. मुलानें वांकून नमस्कार केला; त्यांस तो बहुधा नवीन असावा, परंतु तें प्रसन्न झाले. त्यांनीं वाजविण्यास सांगितलें. मुलानें वाजविलें, आणि हें गाणें सन हाउसचें आहे असें आधीं सांगितलें. वृद्धांनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें. "डावा हात बरा आहे," ते म्हणाले. "उजवा फार घाईंत आहे. तार गप्प झाली म्हणजे तिला गप्प राहूं दे. तिथें तूं गायचं असतं." मग त्यांनीं आम्हांस पाणी दिलें, आणि आमच्या गांवीं कापूस होतो काय, भाव काय मिळतो, ह्याची बारकाईनें चौकशी केली. कन्येच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्यांत मिळालें असें म्हणवत नाहीं. पण मुलानें गवयाचें नांव आधीं घेतलें, ही गोष्ट आमच्या ध्यानांत राहिली.

दुसऱ्या दिवशीं पुन्हां दुकानांत गेलों. ह्या खेपेस नवीन वाद्यें पाहिलीं. जुना कारखाना १९३६ त शिकागोस गेला व महायुद्धाच्या सुमारास हीं धातूचीं वाद्यें निघेनाशीं झालीं; परंतु १९८९ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत 'नॅशनल रेझोफोनिक' नांवाची नवी मंडळी उभी राहिली, तीं जुन्या पद्धतीचे शंकू करून वाद्यें बनविते. आम्ही स्टुलावर पाठ फिरवून बसलों, डोळे मिटले, आणि नातवास सांगितलें कीं तिन्हीं जातींची वाद्यें कोणतें कोणतें न सांगतां वाजीव. डोब्रो जातीचें प्रथमच बाद झालें. तें गोड होतें, पण त्याच्या गोडव्यांत ह्या गाळाच्या जमिनीचें कांहीं नव्हतें. दुसरें वाजलें तेव्हां आम्ही मान डोलाविली. स्वर निघाला, उभा राहिला, मींडेबरोबर वर गेला, आणि जातांना दार लोटून घेतल्यासारखा गेला. ती तीन शंकूंची गिटार. तिसरें एका शंकूचें पोलादी. ठण्ण असा आघात, आणि मग जवळजवळ शांतता.

आम्ही तीन शंकूंची पसंत केली. रक्कम पुरी पडत नव्हती, परंतु भर घालण्याची आमची तयारी होती. नातू म्हणाला, "आजोबा, ही सुंदर आहे. पण ही मला गप्प बसूं देत नाहीं. सगळी जागा हीच भरते." टॅम्पा रेडचें चित्र भिंतीवर लावणाऱ्या मुलाकडून हें ऐकून आम्हांस नवल वाटलें. त्यानें एका शंकूचें वाद्य घेऊन आदल्या दिवशींचें गाणें वाजविलें, आणि प्रत्येक आघातानंतरच्या रिकाम्या जागेंत हलक्या आवाजांत गायिलें. ऐकण्याजोगें होतें. तरीसुद्धां आस लांब ती तार श्रेष्ठ, हें आमचें मत आजहि कायम आहे. वडिलांनीं सांगितलेला नियम आम्ही सोडलेला नाहीं. परंतु कुटुंबानें पारख आमच्याकडे दिली होती, आवड नव्हे. दांडी सरळ होती, बाराव्या पडद्यावर स्वर जुळत होते, खुंट्या सैल नव्हत्या, शंकूंत खरखर नव्हती, आणि पोलादाची पेटी आमच्या पाठीमागेंहि पन्नास वर्षें सहज टिकेल अशी होती. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. आम्ही संमति दिली. पैसे उरले, ते मुलानें मजबूत पेटीसाठीं व सुटे शंकू घेण्यासाठीं ठेविले, हें आम्हांस आवडलें.

त्या रात्रीं बंधूंस दूरध्वनीवरून वाद्य ऐकविलें. तारा प सा प सा ग प अशा लाविल्या होत्या. इकडील लोक ह्या लावणीस स्पॅनिश म्हणतात. दुसरी लावणी सा प सा ग प सा अशी असते. बंधूंनीं ग्रॅमी पारितोषिकाचा आमचा मुद्दा ऐकूनहि घेतला नाहीं. त्यांनीं पट्टी विचारली. "पांढरी पांच," नातवानें सांगितलें. त्या पट्टींत आमच्या घरीं पहांटे कोण गात असे हें बंधूंस माहीत होतें. ते थोडा वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "गांधार उतरला आहे. नीट लाव, आणि पुन्हां वाजीव."

ज्यांस असें वाद्य घ्यावयाचें असेल त्यांच्यासाठीं दोन सूचना राहिल्या. एका शंकूच्या गिटारीच्या सर्व तारा एकदम कधीं काढूं नयेत. शंकू केवळ तारांच्या दाबानें जागेवर बसलेला असतो, तो सरकतो. एक तार काढावी, नवी चढवावी, मग दुसरी. तारा जाड घ्याव्या, म्हणजे कांच पडद्यांवर आपटत नाहीं. कांचेविषयीं मात्र अनुभव हाच गुरु. पितळेचें नळकांडें जड व तीक्ष्ण बोलतें, कांचेचें मऊ. डुएन ऑलमन नांवाचा प्रख्यात वादक सर्दीच्या गोळ्यांची रिकामी बाटली बोटांत घालीत असे. दुकानांतील कांचा नातवाच्या करंगळीस सैल झाल्या. आमच्या खोकल्याच्या औषधाची लहान जाड बाटली त्यानें बोटांत घालून पाहिली, ती चपखल बसली. औषध संपेपर्यंत थांबावें लागेल, असें आम्ही त्यास सांगितलें आहे.